फुगेवाल्याची आखाजी

पितांबरराव बोरसे यांना राग आला की त्यांची मराठी शुद्ध होत असे. साधासुधा राग असला तर 'तू'चा 'तुम्ही' व्हायचा, चांगलाच आला तर 'कृपया' यायचं, आणि 'आपण याची नोंद घ्यावी' हे वाक्य घरात ऐकू आलं की त्यांच्या बायकोला, रोहिणीबाईंना, गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत यावं लागे. बाकीच्यांचा संतापात जिभेवरचा ताबा सुटतो, पितांबररावांचा घट्ट व्हायचा. लहानपणी घरात सगळी अहिराणीच. पण धुळ्याला शिकायला आले, पहिल्याच दिवशी वर्गातली पोरं हसली, आणि त्यांनी ती बोली जी गुंडाळून माळ्यावर टाकली ती पुन्हा खाली काढली नाही. याचा त्यांना अभिमान होता.

साक्री रस्त्यावरच्या 'सुखछाया' वृद्धनिवासाचे ते व्यवस्थापक. त्या उन्हाळ्यात त्यांची मराठी इतकी शुद्ध झाली की दूधवाल्याने त्यांच्याशी बोलणंच सोडून दिलं. या सगळ्याचं मूळ एक व्हिडिओ होता.

व्हिडिओ पाठवला संस्थेचे अध्यक्ष प्रेमराजशेठ यांनी. शेठ राहायचे जळगावला आणि धुळ्याच्या म्हाताऱ्यांची सेवा फोनवरून करायचे. व्हिडिओचा विषय, वृद्धांना आनंदी ठेवण्याचे सोपे उपाय. त्यात एक हसरी मुलगी गार खोलीत गोलाकार बसलेल्या म्हाताऱ्यांकडे फुगा टाकायची आणि ते म्हातारे पांढरेशुभ्र दात दाखवत तो परत टाकायचे. त्यांना नुसता फुगा दाखवला तरी हसू फुटायचं. खाली शेठनी लिहिलं होतं, 'बोरसे, किती सोपं आहे बघा! आपल्याकडचे सगळे तोंड पाडून का बसतात?'

'सोपं' हा शब्द पितांबररावांच्या वर्मी लागला. जगात जेवढी म्हणून सोपी कामं आहेत ती सगळी दुसऱ्याने करायची असतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. शिवाय आपल्याकडचे म्हातारे तोंड पाडून बसतात ते काय उगाच? वर पत्रे, खाली धुळ्याचा उन्हाळा, आणि भेटीला येणारी पोरं येताना केळी घेऊन येणार आणि गाडी चालू ठेवूनच बसणार. तरी पितांबररावांनी व्हिडिओ गिळला असता. पण शेठनी त्याच्यामागोमाग ताईबाईंचा विषय काढला.

ताईबाई संक्रांतीनंतर निवासात आल्या. मुलगा ईश्वर त्यांना जळगावहून गाडीत घालून घेऊन आला, खोली बघून 'वा, वा' म्हणाला आणि गेला. तेव्हापासून ताईबाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. जेवायच्या, आपलं लुगडं आपण धुवायच्या, ऊन सरकलं की खुर्चीही सरकवायच्या. बोलणं तेवढं बंद. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, आणि 'वय झालं' एवढं निदान करून चहा पिऊन गेले. आता संस्थेचा नियम असा की ज्यांचं भान हरपलं त्यांना नाशिककडच्या शाखेत न्यायचं. तिथे सगळे अंथरुणाला खिळलेले.

"आखाजीला मी स्वतः येतोय," शेठ फोनवर म्हणाले. "तोवर बाईंनी काही प्रतिसाद दिला तर ठीक, नाहीतर मी गाडी पाठवतो. नाशिकची सोय फार छान आहे हो!"

ही बातमी भिंतींना कळायच्या आत भिकुबाईंना कळली. भिकुबाई ताईबाईंच्या खोलीत राहायच्या. दिवसभर त्या एकट्याच दोघींचं बोलायच्या. त्या कचेरीच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तिले भान नही, आसं कोन म्हनस? मी खोकनू का पानीना तांब्या तीच पुढे करस. तिले धाडशात तर मनं बी गठोडं बांधा. सांगी ठेवस!"

"भिकुबाई, ताईबाई कुठेही जाणार नाहीत," पितांबरराव म्हणाले. "मी शब्द देतो."

शब्द दिला आणि त्यांना घाम फुटला. कारण बोरशांच्या घराण्यात शब्द मोडायची पद्धत नव्हती, आणि तो पाळायचा कसा हे घराण्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून फुगा आणला. लाल, मोठा, पितांबररावांनी स्वतःच्या दम्याच्या छातीने फुगवलेला. सगळ्यांना ओसरीत गोल बसवलं. परिचारिका सुनिता टाळ्या वाजवायला उभी केली. फुगा आधी टाकला छगन नानांकडे. छगन नाना म्हणजे ऐंशीच्या घरातले, एके काळी पंचायतीची भांडणं मिटवणारे, अर्थात आधी स्वतःच लावून देणारे. त्यांनी मांडीवरच्या फुग्याकडे पाहिलं, मग पितांबररावांकडे पाहिलं.

"कोना वाढदिवस शे?"

"वाढदिवस नाही नाना, खेळ आहे. फुगा खाली पडू द्यायचा नाही."

"आनि पडना तर?"

"पडला तर काही नाही."

"मंग धरू कसाले?"

व्हिडिओतल्या मुलीला हे कोणी विचारलं नव्हतं. नानांनी काठीने फुग्याला असा टोला दिला की तो वर जाऊन पंख्यात सापडला. बार उडाल्यासारखा आवाज झाला. दोघी म्हाताऱ्यांनी छाती धरली, एकीने 'गेले गं' म्हणून डोळे मिटले, आणि सुनिता दुपारभर सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजत बसली. फुग्याची एक चिंधी ताईबाईंच्या पायापाशी पडली. त्यांनी ती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि पितांबररावांच्या हातात नेऊन दिली. मग परत आपल्या खुर्चीत बसल्या. या बाईला भान नाही म्हणणाऱ्याने आधी आपलं तपासून घ्यावं, असं पितांबररावांच्या मनात आलं. पण चिंधी हा काही प्रतिसाद नव्हे. शेठना शब्द हवा होता.

त्या दिवसापासून निवासात पितांबररावांचं नाव 'फुगावाला' पडलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पाठ फिरायच्या आत म्हणत.

शेजाऱ्यांचा सल्ला मागावा लागत नाही, तो दारावर येऊन थापा मारतो. शेजारचे गिरधरभाऊ एसटीतून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना 'पुढे सरका' सांगून झालं होतं, आता सगळ्यांना काहीही सांगायचे. "हास्यक्लब काढा," ते म्हणाले. "रडणारं माणूससुद्धा हसतं." पितांबररावांनी काढला. सकाळी सगळ्यांनी हात वर करून हा-हा-हा करायचं. पण हसू येत नसताना वीस-पंचवीस म्हाताऱ्यांनी एकदम काढलेला आवाज लांबून हसण्यासारखा ऐकू येत नाही. तिसऱ्या सकाळी दोन पोलीस गेटवर. आत म्हाताऱ्यांना मारतात, अशी कोणीतरी तक्रार केली होती. पितांबररावांनी खात्री पटवण्यासाठी सर्वांना पुन्हा हसायला सांगितलं. पोलीस ते ऐकून जास्तच गंभीर झाले. छगन नाना त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मारत नही हो. हासाडतस." हवालदारांनी नानांच्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला.

तक्रार कोणी केली याचा पितांबररावांनी छडा लावला. गिरधरभाऊंनीच केली होती. आपला सल्ला कोणी मानेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग बकरी. ही रोहिणीबाईंची कल्पना. त्यांच्या मावशीच्या गावात म्हणे एक मुकं माणूस होतं आणि मुक्या जनावराच्या संगतीने ते बोलायला लागलं. पुढे ते काय बोललं, हे मावशीनं सांगितलं नव्हतं. मागच्या शेतातल्या मानसिंगची बकरी एका दुपारपुरती मागून आणली, आणि खरं सांगायचं तर बकरीने रंग भरला. आबा-नाना मंडळींनी तिचे दात पाहिले, वय काढलं, त्यावरून वाद घातला. ताईबाई उठून आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ किंचित हलले. पितांबरराव कान देऊन पुढे वाकले. आणि नेमकी त्याच वेळी बकरीची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर रंगीत कागदाची अक्षरं चिकटवलेली होती, 'सदैव आनंदी राहा'. शेठची आवडती पाटी. बकरीने मधलं 'आनंदी' ओढून खाल्लं. उरलं 'सदैव राहा'. छगन नानांनी ते मोठ्याने वाचलं. ओसरीत कोणीच हसलं नाही, आणि ताईबाई आपल्या खुर्चीत परत जाऊन बसल्या.

बकरी गेली, पण तिचं प्रकरण मागे राहिलं. दुसऱ्या दिवशी एका कार्यालयातले साहेब आले. निवासी वास्तूत विनापरवाना पशू ठेवल्याची तक्रार होती.

"पशू काल संध्याकाळीच परत गेला," पितांबरराव म्हणाले.

"मग तो नाही हे तपासावं लागेल."

"तपासा. नाही, हे दिसतंच आहे."

"तसं नाही चालत. कोणता पशू नाही, हे आधी पाहावं लागेल. ओळख पटल्याशिवाय तो हटवला असं मी कसं म्हणू?"

बकरी नाही हे दाखवण्यासाठी पितांबररावांना बकरी पुन्हा आणावी लागली. साहेबांनी ती नीट पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि म्हणाले, "आहे की!" पितांबररावांची कानशिलं तापली. ते म्हणाले, "महोदय, हा निव्वळ वेळेचा अपव्यय असून आपण याची नोंद घ्यावी." साहेबांनी नोंद घेतली. ती आजही प्रलंबित आहे.

आखाजी जवळ आली तसे पितांबरराव घरी जेवेनासे झाले. ऊन तर असं की दुपारी गेटच्या कडीला हात लावायची सोय नाही. त्यात एक दिवस भिकुबाईंना खोलीच्या दारात बसून गौराईचं गाणं गुणगुणताना सुनितानं ऐकलं. ती पितांबररावांना म्हणाली, "सर, बायांना निंबाला झोका बांधून द्या ना. आखाजी आहे."

पितांबररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेरच्यांची अक्षय्य तृतीया ती खानदेशात आखाजी, लेकीबाळींचा सण. सासरी राबणारी पोर त्या चार दिवसांत माहेरी येते, झोके घेते, गौराई पुजते, आणि शेवटी गौराई बोळवायला सगळ्या नदीवर जातात. या काठाला एका गावच्या, त्या काठाला दुसऱ्या गावच्या. आणि मग एकमेकींच्या गावाचा, माहेराचा, जावयांचा जो उद्धार सुरू होतो, तो सूर्य मावळेपर्यंत चालतो. वर्षभर सासूसमोर तोंड शिवून बसलेल्या बाया त्या दिवशी शिव्यांची गाणी रचतात, कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि माहेराचा कोणी उल्लेख केला तर उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही असा दंडक. पुरुष तेव्हा पारावर पत्ते कुटत असतात.

निवासातल्या बाया ऐकूनच ताठ झाल्या. धुळ्याकडच्या म्हणाल्या आम्ही पांझराकाठच्या, जळगाव-चाळीसगावकडच्या म्हणाल्या आम्ही गिरणाकाठच्या. अंगणातून मोरीचं पाणी वाहून नेणारी एक नाली होती, उन्हाळ्यात कोरडीठाक. तीच नदी ठरली. ताईबाईंचं माहेर गिरणाकाठचं, तेव्हा त्यांची खुर्ची नालीच्या पलीकडे ठेवायचं ठरलं.

आणि इथे पितांबररावांनी त्यांच्या आयुष्यातली सर्वात सुसंस्कृत चूक केली. त्यांनी शिव्या काढून टाकल्या.

"अध्यक्ष येणार. त्यांच्या सौभाग्यवती येणार," ते बायांना म्हणाले. "संस्थेच्या प्रतिष्ठेला हे शोभणार नाही. मी नवी गीतं रचली आहेत."

"शिव्या नहीत तर आखाजी कसानी?" भिकुबाईंनी विचारलं.

"आनि पत्ता?" छगन नानांनी विचारलं.

"पत्तेही नाहीत, नाना. कृपया."

नाना उठून गेले ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पितांबररावांची गीतं पुढीलप्रमाणे होती. एका काठाच्या बायांनी म्हणायचं, 'पलीकडच्या भगिनींनो, आपले स्वागत असो.' पलीकडच्यांनी उत्तर द्यायचं, 'अलीकडच्या भगिनींनो, आपले आरोग्य उत्तम असो.' तालमीत बायांनी ही गीतं अशा सुरात म्हटली की गिरधरभाऊ कुंपणावरून डोकावून हळूच विचारते झाले, "कोण गेलं?"

आखाजीच्या दिवशी सकाळपासूनच लाइट गेलेली. शेठ आले, घामाने निथळले, आणि आल्या आल्या फोटोसाठी झोक्यावर बसले. फांदीने बराच विचार केला आणि शेठना सावकाश, अगदी आदराने, जमिनीवर आणून सोडलं. लागलं कुठेच नाही, पण पांढऱ्या पायजम्याला मागे, सणासाठी नालीकाठी सकाळीच मारलेला ओला चुना लागला, आणि तो त्यांना सांगायचा कोणी यावर पितांबरराव आणि सुनिता यांचं नजरेनेच भांडण झालं. शेवटी कोणीच सांगितलं नाही. मग बायांनी 'आपले आरोग्य उत्तम असो' म्हटलं. शेठच्या सौभाग्यवतींनी जांभई दाबली.

"बरं, त्या बाई कुठे आहेत?" शेठ म्हणाले.

ताईबाई पलीकडच्या काठावर, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. शेठ त्यांच्यासमोर वाकले. लहान मुलाशी बोलतात तसा आवाज काढला. "आ-जी! कशा आहात आजी? छान ना? बोला बघू आमच्याशी. एकच शब्द! तुम्हाला पेढा देऊ?" त्यांनी चुटकी वाजवली. टाळी वाजवली. एक झेंडूचं फूल ताईबाईंच्या डोळ्यांसमोरून इकडून तिकडे फिरवलं.

ताईबाईंची नजर हलली नाही. नालीच्या अलीकडे भिकुबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

शेठ सरळ झाले आणि ताईबाईंच्या डोक्यावरून, त्या तिथे नाहीतच अशा थाटात, म्हणाले, "बोरसे, यांना काही कळत नाही हो. सोमवारी गाडी पाठवतो. सामान फार नसेलच."

पितांबरराव अलीकडच्या काठावर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी आपणांस नम्रपणे विनंती करू इच्छितो की..." आणि तिथे थांबले. पुढचा शब्द येईना. शुद्ध मराठी संपली होती. त्या उन्हाळ्याने ती सगळी वापरून टाकली होती. आत मात्र नुसता जाळ. शेठचा राग, फुग्याचा राग, बकरीच्या साहेबाचा राग, गिरधरभाऊंचा राग, दिलेल्या आणि आता मोडणाऱ्या शब्दाचा राग. आणि तो सगळा, अन्यायाने, ज्या एका माणसासाठी हा खटाटोप चालला होता तिच्यावरच जाऊन पडला.

"ए डोकरी!"

सगळं अंगण दचकलं. पितांबरराव स्वतःही दचकले, पण आता उशीर झाला होता. माळ्यावरचं गाठोडं सुटलं होतं.

"कितला दिन व्हयनात, मी तुनामांगे पयी राहिनू! तुनासाठे फुगा आना, बकरी आनी, पोलीस उनात, बठ्ठा गावमा मनं हसं व्हयनं! आनि तू? तोंडमा काय गोधडी कोंबी लिधी का? तुना गिरणाकाठले बोलानं कोनी शिकाडंच नही का? का तुनं बठ्ठं मायेरच मुकं शे?"

सुनिताच्या हातातला पाण्याचा जग खाली पडला. शेठ म्हणाले, "अहो बोरसे!" पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

ताईबाई हळूहळू उठल्या. पदर खांद्यावरून काढून कमरेला खोचला. नालीच्या अगदी काठाशी आल्या. आवाज आधी खरखरला, गंजलेली कडी उघडावी तसा, आणि मग मोकळा झाला.

"मना मायेरनं नाव लेवानं नही, फुगावाला!"

"लिसू! हजारदाव लिसू!" पितांबरराव ओरडले.

"गिरणाकाठन्या पोरी पोटमातीनच बोलानं शिकी येतस! तू कोन रे माले बोलाडणारा? तुना फुगा फुटना, तुनी बकरी पाटी खाई गयी, आनि तुनं ते गानं आयकीसन तर गधडाबी उठी जाई! भगिनी म्हने भगिनी! तुनी माय पांझराकाठनी व्हती ना? तिनी तुले हाई शिकाडं का?" मग त्यांची नजर शेठवर गेली. "आनि हाऊ कोन शे? माले आजी म्हनस! मी याले कव्हय पायनामा टाकीसन झोका दिधा? मांगे चुना लागेल शे, ते पुसाले सांगा त्याले."

शेठनी हात मागे नेला आणि पाहिला. अंगणात पहिल्यांदा कोणीतरी खरं हसलं. ते छगन नाना होते, आणि त्यांना हसताना सुनिताने आजवर पाहिलं नव्हतं.

"पण आजी... म्हणजे बाई," शेठ चाचरले, "तुम्ही तर चांगल्या बोलता! मग इतके दिवस का नाही बोललात?"

ताईबाई खुर्चीकडे वळल्या. सगळ्यांना वाटलं, गेलं पुन्हा.

"बठ्ठा गोड बोलतस आठे," त्या म्हणाल्या. "गोड बोलीबोलीसनच मना आंडोर माले आठे सोडी गया. 'चाल माय, चार दिन हवा बदलीसन ये.' तव्हयपाईन कोनी गोड बोलनं का मना घसाच मिटी जास." त्यांनी नालीपलीकडे बोट दाखवलं. "हाऊ फुगावाला आज खरा बोलना. राग खरा व्हता, म्हनीसन उत्तर देनं पडनं."

शेठनी खिशातून रुमाल काढला, तो चुन्यासाठी की घामासाठी हे कळलं नाही. पितांबररावांना एकाच वेळी रडू आणि राग आला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रागाला पुढे जाऊ दिलं. "मंग आदुगर सांगता नही ये का, डोकरी?" ते ओरडले. भिकुबाईंना एवढं पुरे होतं. त्यांनी पदराचा बोळा काढला, टाळी मारली आणि पांझराकाठाची बाजू लढवायला घेतली.

"तुमना गावन्या पोरी अश्या, भाकरी थापतस गवऱ्या जश्या!"

ताईबाईंनी श्वासही घेतला नाही. "तुमना गावना जवाई असा, ताटवर बठना हेला जसा!"

मग काय! दोन्ही काठ पेटले. ज्या बायांना जिना चढवताना दोघींचा आधार लागायचा त्या नालीच्या काठावर उड्या मारण्याच्या बेताला आल्या. शेठ राहायचे जळगावला, पण मूळचे धुळ्याचे; त्यांच्या सौभाग्यवती जामनेरच्या. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याही गिरणाकाठाला जाऊन उभ्या आणि पांझराकाठच्या नवरदेवांची धूळधाण उडवताहेत. नवरा कुठला आहे हे त्या विसरल्या होत्या किंवा त्यांना चांगलंच आठवत होतं. छगन नाना पितांबररावांजवळ येऊन म्हणाले, "मंग आते पत्ता काढू का?" पितांबरराव म्हणाले, "काढा ना! कोन धरस तुमले?"

सोमवारी गाडी आली नाही. शेठचा फोन मात्र आला. आखाजीचा व्हिडिओ संस्थेला हवा होता, फक्त आवाज बंद करून. 'किती सोपं होतं बघा,' ते म्हणाले. पितांबररावांनी फोन ठेवून दिला.

आता रोज चहानंतर नालीच्या दोन्ही काठांवर खुर्च्या लागतात. फुग्याची, हसण्याची, बकरीची गरज उरली नाही. माणसाला मनापासून भांडायला समोर कोणीतरी लागतं, एवढंच. पितांबररावांना रोज एक तरी नवी शिवी बसते आणि त्यांचा रोज खराखुरा संताप होतो. आपल्या माणसांवरचा राग ते अहिराणीत काढतात. शुद्ध मराठी त्यांनी परक्यांसाठी राखून ठेवली आहे.

ती लागली पावसाळ्याच्या तोंडावर. ईश्वर आला. आई बोलते हे त्याच्या कानावर गेलं होतं. हातात केळी, पेढ्यांचा डबा, बाहेर गाडी चालूच. नाली ओलांडून, गिरणाकाठाला ताईबाईंच्या खुर्चीपाशी येऊन तो पाया पडला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "कशी शे माय? भू याद येस तुनी. तुनाबिगर घर सुनं लागस."

ताईबाईंचं तोंड मिटलं, संक्रांतीनंतर मिटलं होतं तसं. भिकुबाई शिवी अर्धी सोडून थांबल्या. ईश्वरने पेढा पुढे केला, हात जोडले, आणखी गोड बोलला. पेढा त्याच्या बोटांत पाघळायला लागला.

बऱ्याच वेळाने ताईबाईंनी मान फिरवली. मुलाकडे नाही, पितांबररावांकडे.

"फुगावाला," त्या म्हणाल्या, "याले भांडानं शिकाड. मंग मनासमोर धाड."

पितांबररावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला. मग ईश्वरकडे वळून, शब्दन् शब्द वेगळा काढत म्हणाले, "महोदय, कृपया आपण नालीच्या पलीकडील तीरावर जाऊन उभे राहावे."

ईश्वरला वाटलं, साहेब किती आदबीने बोलतात. तो हसला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. रोहिणीबाई तिथे असत्या तर त्यांनी आधी गॅस बंद केला असता.